त्याच मालकाकडे, त्याच कामावर

सिंदी (रेल्वे),
२८ ऑक्टोबर १९७४

सौ. कोकिळा हिस,

कापसातून सरकी काढणारे चौदा रेचे. त्यांचे चामडी रूळ, ज्यांची एकूण एक चकती मी म्हशीच्या चामड्यातून स्वतः कापली. तेलाच्या इंजिनाचा पंखा, ओतलेला नव्हे, ठोकून केलेला. जिनाच्या छपरावरची पाण्याची टाकी. तुझ्या शिलाई मशीनचा पायटा. नलूचा पाळणा, एकही खिळा न मारता. तिचा पांगुळगाडा. आणि शेवटची वस्तू, तू ज्या लोखंडी पेटीत सामान भरून गेलीस ती पेटी.

नलूच्या लेस्टरच्या शाळेत "वडील काय करतात" यावर लिहून आणायला सांगितलं आहे, असं तू लिहिलंस. म्हणून ही यादी. इंग्रजी तू कर, पण "मेकॅनिक" असा एक शब्द लिहून मोकळी होऊ नकोस. मेकॅनिक बिघडलेलं दुरुस्त करतो. मी नसलेलं उभं केलं आहे. शाळा चौथीपर्यंत. इंजिनाचं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून इंग्रजी शिकलो.

तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. युगांडातून सगळ्यांना हाकललं तेव्हा तू म्हणालीस, आपला पासपोर्ट इंग्रजांचा, तर इंग्रजांकडे जाऊ. मी म्हणालो, दान केलेला कोट घालून छावणीच्या रांगेत बसणार नाही, मला माझं गाव आहे. तू नलूला घेऊन विमानाने गेलीस, मी मोंबासाहून बोटीने आलो. आता दोन वर्षांनी तू लिहितेस की दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. मी असं लिहिणार नाही. दोन मापं एकाच वेळी बरोबर नसतात.

मुंबईच्या इंग्रज कचेरीत मी नाव नोंदवून ठेवलं आहे. केवळ चौकशी म्हणून गेलो होतो. त्यांच्याकडे आमच्यासारख्यांची रांग आहे, वर्षाला ठरावीक माणसं घेतात. माझा नंबर सत्त्याहत्तर सालाच्या आसपास लागेल म्हणतात. तोवर इथेच थांबायचं. हे तुला लिहिणार नव्हतो.

काम चांगलं लागलं. प्रभाकररावांचा इथे सरकी काढायचा जीन आहे, शेती आहे. मागल्या महिन्यात त्यांनी मुनीम अण्णाजींच्या हाती विडा पाठवला. या भागात जिनाच्या मिस्त्रीला नोकरीवर ठेवत नाहीत, विडा पाठवून बोलावतात. मी गेलो, दसऱ्याला इंजिनाची पूजा झाली, पट्टे चढवले. तानबा नावाचा तेलवाला हाताखाली आहे. त्याला कुणीतरी सांगितलं की मिस्त्रीचा पासपोर्ट इंग्रजी आहे. तेव्हापासून चहा घेऊन आला की म्हणतो, "सत्तेचाळीसले सारे इंग्रज गेले म्हणे. एक सिंदीले राहून गेलता वाटते."

कागद संपला. नलूला थंडीचे मोजे दोन-दोन घालायला सांग.

रूपराव

⁂

सिंदी (रेल्वे),
१९ जानेवारी १९७५

सौ. कोकिळा हिस,

काल वर्ध्याला पोलीस कचेरीत गेलो होतो. माझा व्हिसा या महिनाअखेर संपतो. मुदतीच्या आत वाढीचा अर्ज द्यावा लागतो, तो दिला.

परदेशी लोकांच्या टेबलावर बंडूजी म्हणून कारकून आहेत, आर्वीकडचे. अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला.

"जन्म रोहणा, तालुका आर्वी," ते म्हणाले. "बापाचं नाव डोमाजी उरकुडे. तुमचा बाप आमच्या मामाच्या गावचा. मी रोहण्याच्या पोळ्यात बैल धरले हायेत. अन् तुमी परदेशी?"

"कागदावर आहे."

"मंग मी तुमाले काय विचारू? भारतात येण्याचं कारण काय, असं इथं छापलं हाये."

"गाव पाहायला आलो लिहा."

त्यांनी खरंच लिहिलं. मग म्हणाले, "हा पासपोर्ट टाकून द्या ना. इकडलेच होऊन जा. वेळ लागते, पण होते." मी म्हणालो, विचार करतो. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. पासपोर्ट टाकला की मुंबईचा नंबर गेला.

मला खरी विचारायची होती ती गोष्ट मी दोनदा विचारली, कारण अर्धवट ऐकलेला नियम हा सैल बसलेल्या पट्ट्यासारखा असतो. मुदत संपली आणि अर्जाचं उत्तर आलं नाही, तर मी मधल्या काळात काम करू शकतो का?

"करू शकता," बंडूजी म्हणाले. "वरून जवाब येईतो राहूबी शकता अन् कामबी करू शकता. कायद्यानं. पण त्याच मालकाकडे, त्याच कामावर. दुसरीकडे हात लावला तं गेले. अन् अर्ज चालू असताना तुमी कमावते पाहिजे, सरकारले तुमचं ओझं नको."

"उत्तर केव्हा येतं?"

"येते."

"म्हणजे?"

"म्हणजे येते, मिस्त्री."

गोल शिक्क्याची पोच दिली. मी परतीच्या पॅसेंजरमध्ये नियम मनाशी म्हणत आलो. त्याच मालकाकडे, त्याच कामावर. समज, मंजुरी आली तर एकदम सत्त्याहत्तरपर्यंत काळजी नाही. नाही आली तर नंबर लागायच्या आत मला देश सोडावा लागेल, आणि मग तो नंबर कुणाच्या नावाने पुकारतील कुणास ठाऊक.

तू लिहितेस की मोज्यांच्या कारखान्यात तुला आता सुपरवायझर केलं. चांगलं आहे. शिलाई तुला कुणी शिकवली हे तिथे सांगितलंस का, ते लिहिलं नाहीस.

रूपराव

⁂

सिंदी (रेल्वे),
१६ एप्रिल १९७५

सौ. कोकिळा हिस,

पाडवा झाला. पाडव्याच्या आदल्या दिवशी हंगाम बंद केला. यंदा इंजिन एकदाही माझ्यामुळे थांबलं नाही. हे मी म्हणत नाही, कापसाची प्रत ठरवणाऱ्या फेडरेशनच्या ग्रेडरने सगळ्यांसमोर म्हटलं.

बंद कसा करतात ते तू युगांडात जिंजाला पाहिलं आहेस, कारण तिथल्या पटेलशेटला ही रीत मीच घालून दिली होती. शेवटचा कापूस निघाला की मिस्त्री स्वतः पट्टे उतरवतो. मालक पायी चालत इंजिनापर्यंत येतो. मुनीम हंगामाचा हिशेब मोठ्याने वाचतो, "चुकता" म्हणतो, दोघं सह्या करतात आणि मालक मिस्त्रीच्या खांद्यावर दुपट्टा टाकतो. त्या घडीपासून मिस्त्री मोकळा. रस्त्यात भेटला तर मालकाने त्याला काम सांगायचं नाही. दसऱ्याला पुन्हा हवा असेल तर विडा पाठवायचा.

प्रभाकरराव आले, पण दुपट्टा अण्णाजींच्या काखेतच होता. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "रूपरावजी, यंदा हे राहू द्या. तुमचं ते पोलिसाचं चालू हाये. वहीत नाव चालू ठेवतो. दसऱ्यापर्यंत."

"अन् काम काय करू?"

"काई नका करू. वावरात चक्कर मारा, गडी-माणसं पाहा, ढोरं पाहा."

"ढोरं पाहणाऱ्याले मिस्त्री नाई म्हणत, मालक."

"म्हणू नका ना. सहा महिने कोणी काई म्हणू नका."

मी त्यांना समजावलं. माणूस चांगला आहे, पण बापजाद्यांचा जीन आयता मिळालेला, रीत त्याला वरवर ठाऊक. म्हटलं, दुपट्टा घेतल्याने काम तुटत नाही, मालक. दुपट्टा घेतला म्हणूनच विडा येतो. दरसाल बंद होतं म्हणून तर दरसाल चालू होतं. मी दुपट्टा न घेता तुमच्या वहीत बसलो, तर दसऱ्याला तुम्ही विडा कुणाला पाठवाल? घरच्या गड्याला कुणी विडा पाठवतं का?

अण्णाजी म्हणाले, "बोलण्यात तं मिस्त्री हरत नाई."

मग सगळं रीतीप्रमाणे झालं. अण्णाजींनी वाचलं, "हिशेब चुकता, मिस्त्री मोकळे." मी सही केली. वळणदार झाली. रेच्यावरच्या बायांनी पाहिलं. दुपट्टा सुती आहे, कोसा रेशीम नव्हे, पण काठ चांगला आहे.

नियम मी विसरलेलो नाही. मालक तोच आहे, काम तेच आहे, मध्ये उन्हाळा आहे इतकंच. दुसरीकडे हात लावायचा नाही, तर लावणार नाही. कारंज्याहून एका ढाबेवाल्या सरदारजीने माणूस पाठवला होता. त्याच्याकडे ट्रकांची रांग लागते, डिझेल पंपाचं काम जाणणारा कुणी नाही. राहणं, खाणं आणि वर रोजी. मी निरोप पाठवला की दसऱ्यापर्यंत जमणार नाही. अण्णाजींचा नत्थूजी नावाचा मेहुणा आहे, तो म्हणाला, "कारंज्याले कोण पाहून राह्यला तुमाले?" पाहणाऱ्यासाठी नियम पाळतात, अशी या लोकांची समजूत आहे.

अवजारं तानबाकडे ठेवायला दिली आहेत. माझ्या खोलीत ओल आहे, गंज लागला असता.

नलूने इंग्रजीत लिहिलेल्या चार ओळी पोचल्या. तिला सांग, "फादर"चं स्पेलिंग बरोबर आहे, अक्षर सुधार.

रूपराव

⁂

सिंदी (रेल्वे),
२० जुलै १९७५

सौ. कोकिळा हिस,

तुझं पत्र मिळालं. कौन्सिलने दोन खोल्यांचं घर दिलं, वर नलूसाठी बारकी वेगळी खोली, हे वाचलं. तू लिहितेस, "हो किंवा नाही काय ते एक लिहा. नलूला काहीतरी एकच सांगायचं आहे. दर वेळी 'नंबर' हा शब्द मी तिला सांगू शकत नाही." बरोबर आहे. उत्तर लिहायला बसलो तेवढ्यात इथे काही घडलं, म्हणून थांबलो.

आणीबाणी लागल्यापासून कचेऱ्या साडेदहाच्या ठोक्याला उघडतात, साहेब लोक टेबलावर हजर असतात. त्या गडबडीत माझा कागदही उघडला. बंडूजी चौकशीला स्वतः सिंदीला आले. अण्णाजींकडे वही मागितली. "हिशेब चुकता, मिस्त्री मोकळे" यावर बोट ठेवलं.

मला बोलावून म्हणाले, "मिस्त्री, हे काय करून ठेवलं?"

मी त्यांना रीत सांगितली. विडा, दुपट्टा, दसरा. त्यांनी पूर्ण बोलू दिलं, एक शब्द तोडला नाही. मग म्हणाले, "हे मले सांगून नका राहू. मी आर्वीचा हाओ. माह्या काकाच्या अंगावर असे तीस दुपट्टे पडले. पण हे मी दिल्लीले कसं लिवू? तिथं दोनच रकाने हायेत. कामावर हाये, कामावर नाई."

"कामावर आहे. सध्या हंगाम नाही."

"तिसरा रकाना हाये तो."

"मंग एप्रिलपासून तुमी काय करता?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही, तुम्हीच सांगितलं होतं दुसरीकडे हात लावायचा नाही. कारंज्याचं काम सोडल्याचंही सांगितलं. मला वाटलं याची नोंद होईल.

झाली. त्यांनी लिहिलं, "एप्रिलपासून उत्पन्न नाही." लेखणी खाली ठेवून म्हणाले, "कारंज्याले गेले असते तं बिनपरवाना काम म्हणून लिवावं लागलं असतं. नाई गेले तं हे लिवावं लागते. माह्यावर रागावू नका."

मी रागावलो नाही. त्यांनी वाक्य बरोबर लिहिलं होतं.

तू प्रकृतीचं विचारतेस. ठीक आहे. उन्हाळ्यात वजन थोडं उतरतंच. तानबाची बायको आनंदाबाई रोज संध्याकाळी दोन भाकरी आणि काही कोरडं आणून ठेवते. आल्या आल्या म्हणते, "दादा, उरली होती, गाईले टाकणारच होती." त्यांच्याकडे गाय नाही. तिचा मान राखावा म्हणून खातो.

काल तानबा एका पंपावर काम करत होता. माझा बारा नंबरचा पाना त्याच्या हातात. मला पाहून त्याने तो धोतरानं पुसला आणि पुढे केला. मी म्हणालो, राहू दे, तुझाच आहे. व्यवहार झालेला आहे, त्यात लाजण्यासारखं त्याच्या बाजूने काही नाही.

हो की नाही, ते महिनाभरात लिहितो. वरून उत्तर येऊ दे.

रूपराव

⁂

सिंदी (रेल्वे),
१४ सप्टेंबर १९७५

कोकिळा,

उत्तर आलं. वाढ नामंजूर. तीस सप्टेंबरच्या आत देश सोडायचा आहे. कुठे जायचं ते त्या कागदावर लिहिलेलं नाही. मी दोन्ही बाजू पाहिल्या.

मुंबईला जाऊन आलो. रेल्वेभाडं तानबाने दिलं, ते तू मनावर घेऊ नकोस. इंग्रज कचेरीतला माणूस सभ्य होता, खुर्ची दिली. म्हणाला, नंबर लागायच्या आधी विमानात बसलात तर लंडनच्या विमानतळावरूनच परत पाठवतील. मी विचारलं, परत म्हणजे कुठे? त्याने कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, पानं उलटली आणि पुन्हा जागेवर ठेवलं.

रोहण्यालाही जाऊन आलो. घर पडलं, तिथे आता कुणाचा तरी कडबा रचलेला आहे. पारावर म्हातारे बसले होते. एकाने ओळखलं. म्हणाला, "डोमाचा रूपा न तू? कधी आलता?" मी म्हणालो, आत्ताच. "राह्यतं का आता?" म्हणालो, नाही. "बसजो मंग घडीभर," म्हणाला. बसलो.

तू हो की नाही विचारलं होतंस. नाही. नलूला असं सांग. कारण काय सांगायचं ते तू ठरव. फक्त बाप आला नाही कारण सरकारने येऊ दिलं नाही, असं सांगू नकोस. ते पूर्ण खरं नाही. पूर्ण काय ते मी खाली लिहितो, म्हणजे उद्या सिंदीचं कुणी भेटलं तर तुला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागणार नाही.

ऑगस्टमध्ये, उत्तर यायच्या अगोदर, बंडूजींनी प्रभाकररावांना निरोप पाठवला. कागद अजून माझ्या टेबलावर आहे, म्हणाले. जिनाची वही मी पाहिली आहे, ती बदलता येणार नाही. पण मालकाची शेतीची वही निराळी असते, ती मी मागितलेली नाही. त्या वहीत हा माणूस पाडव्यापासून कामावर दिसला, तर मालक तोच राहतो, उत्पन्नही दिसतं. कामाचं मी भागवून घेईन. मंजुरी येईल.

शेतीच्या वहीत एकाच प्रकारचा माणूस पाडव्याला लागतो आणि पाडव्याला सुटतो, हे तुला सांगायला नको.

प्रभाकरराव आणि अण्णाजी माझ्या खोलीवर आले. मालक खोलीवर आला, ही त्यांच्या बाजूने मोठीच गोष्ट होती. अण्णाजींनी वही उघडली. मजकूर आधीच लिहिलेला होता, माझ्या सहीची जागा तेवढी सोडलेली. मी वाचला. "रूपराव वल्द डोमाजी उरकुडे, राहणार रोहणा, सालदार."

"यात घोंगडी पण लिहिली आहे," मी म्हणालो.

"लिवा लागते," अण्णाजी म्हणाले. "घोंगडी अन् जोडा नसला तं सालदाराचं खातं खरं वाटत नाई."

ते बरोबर होतं. वही माझ्या हातात असती तर मीही तसंच लिहिलं असतं.

"तुमाले पांघरायची नाई ते, रूपरावजी," प्रभाकरराव म्हणाले. "सही हाये फकत. दसऱ्याले मी पुन्हा विडा पाठवतो. सारं गाव पाहीन. कोणाले पत्ता लागणार नाई."

"वहीत राहील ना."

"वही कोण पाह्यते?"

"मी पाहिली."

प्रभाकररावांनी वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "तुमची बायको हाये तिकडे. पोरगी हाये. दोन वर्साचा सवाल हाये."

मी म्हणालो, आहे.

अण्णाजींनी टाक बुडवून माझ्यासमोर धरला. शाई टोकाशी जमली, गळून चटईवर पडली, त्यांनी पुन्हा बुडवला. मी तुझा विचार केला नाही असं समजू नकोस. तुझा केला, नलूच्या बारक्या खोलीचा केला. पण डोळ्यांपुढे दुसरंच येत होतं. बाप पाडव्याच्या सकाळी मालकाच्या अंगणात उभा राहायचा, बाकीच्या गड्यांच्या रांगेत, नवी घोंगडी घडी करून हातावर घेतलेली, आणि मुनीम नाव पुकारेपर्यंत वर बघायचा नाही. सोळाव्या वर्षी त्याच रांगेत गुराखी म्हणून माझं नाव लागायचं होतं. त्याच्या आदल्या रात्री मी आर्वीला चालत गेलो. तिथून पुढे युगांडापर्यंत जे काही झालं ते त्या एका ओळीत माझं नाव लागू नये म्हणून. आता ती ओळ माझ्यासमोर होती, शाई सुकलेली, आणि बापाचं नाव माझ्या नावाला जोडून. आणि ती खोटीही होती. खरी असती तर कदाचित वेगळं झालं असतं, असं मी एकदा मनाशी म्हणून पाहिलं. झालं नसतं.

प्रभाकरराव उठले. दारात वळून म्हणाले, "तुमी चुकून राह्यले, मिस्त्री." रूपरावजी नव्हे, मिस्त्री म्हणाले.

तारीख पंधरा दिवसांवर आली आहे. काय करणार ते विचारू नकोस. या पत्त्यावर आता पत्र पाठवू नकोस, मिळणार नाही.

त्या वहीत त्यांनी मला जे देऊ केलं होतं ते असं. पाडवा ते पाडवा साल, दोन पोते ज्वारी, एक घोंगडी, एक जोडा. मी नको म्हटलं. सालाचे नऊशे रुपये.